गोडे पाणी म्हणजे चांगले पाणी?

मे महिन्यात अकोल्याला किंवा अमरावतीला उतरलेल्या प्रवाशाला पहिली आठवण होते ती पाण्याची. पारा ४५ अंशांकडे सरकलेला असतो, घसा कोरडा पडलेला असतो. समोर नळ असतो, नाहीतर पाणपोईचा रांजण. हे पाणी प्यावे की नाही? आपल्यापैकी बहुतेकजण एक घोट घेऊन पाहतात. गार आणि गोड लागले की पेला रिकामा करतात. जिभेने दिलेला हा निकाल कितपत खरा, हे वऱ्हाडच्या पाण्याचा इतिहास चांगले शिकवतो, असे आम्हाला वाटते.

वऱ्हाडी माणूस जिभेवर विसंबतो याला कारण आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. येथे गाळाचे जाड थर आहेत, निचरा नीट होत नाही, आणि विहिरींचे पाणी खारट लागते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या पाण्याच्या जाती दोनच : खारे आणि गोडे. क्षारांपुरता हा निवाडा बरोबरच आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले घटक लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

परंतु माणसे पटापट मरत ती खाऱ्या पाण्याने नव्हे. पटकीची साथ आली की मरीमायची पूजा होई, गावे ओस पडत. ही मरीमाय गोड्या विहिरीतूनही येत असे, आणि तिथे जिभेचा काहीच उपयोग नव्हता.

याचा पुरावा वऱ्हाडापासून फार दूर, लंडनमध्ये मिळाला. १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची मोठी साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती एका सार्वजनिक हातपंपाभोवती दाटलेली दिसली. मात्र एक मृत्यू या चित्रात बसत नव्हता. मैलोगणती दूर, हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा स्त्री दगावली होती. चौकशी केल्यावर कळले, की ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे. तिथल्या पाण्याची चव तिला इतकी आवडे, की ती रोज ते पाणी गाडीवरून मागवून घेई! तिच्या पुतणीनेही ते पाणी प्यायले आणि तीही गेली. चवीला उत्तम असलेले पाणीच घातक निघाले.

त्या पाण्यात नेमके काय होते? १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यात रुग्णांच्या शरीरात स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू सापडले. लोक ज्या तळ्याचे पाणी पीत, त्या तळ्यातही ते आढळले. या जंतूंना ना चव, ना वास, ना रंग.

त्याआधीच, १८६७ मध्ये, मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाडातून नागपूरला पोचली होती. प्रवास वाढला, यात्रा मोठ्या झाल्या, आणि माणसाबरोबर जंतूही प्रवास करू लागले. यात्रेतील घाण पाण्यात गेली की हजारोंना एकदम लागण होई. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तो अशाच जागी. पूर्णाकाठच्या ऋणमोचन यात्रेपासून पंढरपूर, नाशिक, आळंदीपर्यंत त्यांनी झाडलोट केली आणि वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. हातात खराटा धरून बाबा जे करीत होते, तेच आरोग्यशास्त्राचे पहिले कलम आहे : घाण आणि पाणी यांची भेट होऊ देऊ नका.

पाण्यातील जंतू मारण्याचे उपाय पुढे आले. आग्र्यात काम करणारे शास्त्रज्ञ हॅन्किन यांनी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा प्रसार केला. विसाव्या शतकात क्लोरीन अधिक भरवशाचे ठरले. आपल्या ग्रामपंचायतीत ज्याला ‘टीसीएल पावडर’ म्हणतात ती क्लोरीन देणारी विरंजक भुकटीच. आज अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचे आणि अमरावतीला सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी शुद्ध करून नळाने मिळते.

मग नळाचे पाणी निर्धास्त प्यावे का? येथे उन्हाळा आडवा येतो. टीसीएलचे पोते उघडे व उष्ण जागी राहिले, तर त्यातील क्लोरीन उडून जातो आणि भुकटी नुसती नावाला उरते. गरम पाण्यातला क्लोरीनही लवकर संपतो. त्यात टंचाईमुळे नळ दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतो. वाहिनी भरलेली असताना दाबामुळे बाहेरची घाण आत शिरू शकत नाही. ती रिकामी झाली की तोच दाब उलटतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणजे शुद्धीकरण केंद्रातून निघालेले चांगले पाणी वाटेत बिघडू शकते. ही भीती पुस्तकी नाही. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत दूषित पाण्यातून पटकी पसरली आणि माणसे दगावली. कॉख यांच्या शोधाला तेव्हा १३८ वर्षे झाली होती.

वर्गात हा विषय घेताना पाण्याला दोन वेगळे प्रश्न विचारायला शिकवावे : यात क्षार किती? आणि यात जंतू आहेत का? उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. क्लोरीनचेही तसेच : तो जंतू मारतो, खारटपणा घालवत नाही. ग्रामपंचायतीकडे ओ. टी. चाचणीचे साहित्य असते. त्याने पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी तो उरायला हवा. हे रसायन विषारी असल्याने चाचणी शिक्षकांनीच करावी व तपासलेले पाणी फेकून द्यावे. नळ सुरू होतानाचे पाणी आणि अर्ध्या तासानंतरचे पाणी, दोन्ही तपासून नोंद ठेवावी. महिनाभराच्या नोंदींत नळ कोणत्या दिवशी निर्धोक होता, हे मुलांना स्वतःच दिसेल.

आणि प्रवाशाने? नळाबद्दल खात्री नसेल तर घरून उकळून गार केलेले पाणी सोबत न्यावे. संपले तर पुन्हा उकळलेलेच भरून घ्यावे. तहानेच्या वेळी जीभ फार उतावीळ असते. निकाल तिच्यावर सोपवू नये.