वज्रेश्वरीची ऊन पाण्याची कुंडे

श्रोते हो, आपण सोलापूरकडची माणसं. पाणी म्हटलं की आपल्याला विहिरीची खोली आठवते. पण याच महाराष्ट्रात अशी जागा आहे, की जिथं पाणी आपण होऊन वर येतं, आणि तेही तापून! ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात, तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावं जवळजवळ वसली आहेत. तिथल्या कुंडांची ही हकीकत.

१७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध वसईची मोहीम काढली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मोहिमेच्या वाटेवर त्यांनी देवीला नवस केला आणि जय मिळताच मंदिर बांधवलं, असं परंपरा सांगते. मंदिर उंचवट्यावर आहे. दगडी पायऱ्या चढून जावं लागतं, आणि भोवती किल्ल्यासारखा तट आहे. लढवय्यांनी बांधलेलं देऊळ ते!

कुंडांचं बांधकाम मात्र अगदी साधं. झऱ्याभोवती चिरेबंदी हौद, आत उतरायला पायऱ्या. एका कुंडात पाय घालवत नाही, तर शेजारच्यात सुखानं डुंबता येतं. अकलोलीला रामेश्वराच्या देवळाशी कुंडं आहेत. काही झरे थेट नदीच्या पात्रातच आहेत. पावसाळ्यात ते पुराखाली जातात.

एकदा विद्यार्थ्यांना घेऊन तिथं गेलो होतो. एक म्हातारे शेतकरी पाण्यात गुडघे शेकत बसले होते. त्यांनी विचारलं, "मास्तर, खाली चूल कोण पेटवतं हो?"

मी म्हटलं, "बाबा, हा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. पण त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. ती धग केव्हाच विझली. आता ऊब आहे ती पृथ्वीच्या पोटातली. एक किलोमीटर खाली गेलं, की साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं."

म्हातारबा हसले. "म्हणजे देवीचं काहीच नाही म्हणा!"

मी क्षणभर थांबलो. मग म्हटलं, "तसं कसं? पाणी पृथ्वीनं तापवलं, पण ते राखलं देवीच्या नावानं. देवळाचा धाक नसता, तर ही कुंडं कधीच बुजली असती."

श्रोते हो, हा धाक आता कमी होतो आहे. कुणी कुंडात साबण लावतो, कुणी कचरा टाकतो. झऱ्याशेजारी खोल बोअर पाडून उपसा केला, तर झराही आटू शकतो. बोअर वाढले आणि विहिरी आटल्या, हे आपल्याला कुणी सांगायला नको. शिक्षकांनी मुलांना तिथं जरूर न्यावं. देवीला नमस्कार करू द्यावा, आणि म्हातारबांचा तो प्रश्नही विचारू द्यावा. दोन्ही जपलं, तरच कुंड राहील.