दुष्फेन पाणी आणि मातीतली अदलाबदल

पाटणच्या एका शिक्षिकेने गेल्या वर्षी आम्हांला एक प्रश्न विचारला. गावाबाहेर बांधलेल्या नव्या घरासाठी त्यांनी कूपनलिका घेतली होती. तिच्या पाण्यात तूरडाळ शिजेना, साबणाला फेस येईना आणि गीझरमध्ये पांढरा थर साचू लागला. मग एक विक्रेता पाणी मऊ करण्याचे यंत्र घेऊन आला. "आमचे यंत्र पाण्यातला क्षार काढून टाकते," असे त्याने सांगितले. ते घ्यावे का, एवढेच बाईंना विचारायचे होते.

विक्रेत्याचे वाक्य खरे नव्हते. त्याने ते जाणूनबुजून सांगितले असेल असे नाही. त्यालाही तसेच शिकवलेले असणार. ते खरे का नव्हते हे समजण्यासाठी पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते, आणि गंमत अशी की ती गोष्ट पाण्यापाशी नव्हे, शेतातल्या मातीपाशी सुरू होते.

आधी पाटणच्या पाण्याविषयी. केरा आणि कोयना या नद्यांच्या संगमावर हे गाव आहे. डोंगरावर पडलेला मुसळधार पाऊस कातळावरून झपाट्याने नदीत येतो. खडक विरघळवायला त्याला सवड मिळत नाही. त्यामुळे कोयनेचे पाणी सुफेन असते. कूपनलिकेचे पाणी मात्र बेसाल्टच्या भेगांमध्ये वर्षानुवर्षे मुरत असते. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम बायकार्बोनेटच्या रूपात सोबत आणते. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या भागात गेलो की हा त्रास वाढतो. एकाच गावात नळाला एक पाणी आणि अंगणात दुसरे, असे म्हणूनच होऊ शकते.

कॅल्शियम साबणातल्या मेदाम्लांना धरून बसते आणि त्यांचा चिकट साका होतो. साबण वाया जातो. डाळीच्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनलाही ते घट्ट करते, म्हणून डाळ फुटत नाही. आपल्या आया-आज्या डाळीत चिमूटभर सोडा घालत, त्यामागे हेच रसायनशास्त्र आहे.

पाण्याच्या या गुणाचे मोजमाप करण्याची सोपी रीत ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी घालून दिली. ठरावीक पाण्यात टिकाऊ फेस येईपर्यंत किती साबणाचे द्रावण लागते ते मोजायचे. १८४१ साली त्यांनी पाणी सुफेन करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ती ऐकायला विचित्र वाटते, कारण चुना काढण्यासाठी पाण्यात आणखी चुनाच घालायचा! निवळीतला चुना बायकार्बोनेटशी संयोग पावतो आणि दोघांचे मिळून अविद्राव्य कार्बोनेट तळाशी बसते. ही रीत खरोखरच पाण्यातला क्षार काढते. पण तिला टाक्या लागतात, गाळ उपसावा लागतो. ती नगरपालिकेचे काम आहे, स्वयंपाकघराचे नाही.

घरगुती यंत्राचा उगम वेगळाच आहे. इंग्लंडमधील यॉर्कशायरचे एक शेतीतज्ज्ञ, एच. एस. थॉम्पसन, यांना काळजी होती ती शेणखतातला अमोनिया पावसाने वाहून जातो की काय याची. त्यांनी नळीत माती भरून तिच्यावर अमोनियम सल्फेटचे द्रावण ओतले. खालून जे आले त्यात अमोनिया जवळजवळ नव्हता. त्याऐवजी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, होते. रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन थॉमस वे यांनी हे काम पुढे नेले आणि १८५० पासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चिकणमाती अमोनिया घेते आणि त्याच्या बदल्यात तेवढेच कॅल्शियम सोडते, हे त्यांनी दाखवले. हा चोख व्यवहार होता. फुकट काहीच नाही.

वे यांची एक चूक झाली. हा बदल एकाच दिशेने होतो असे त्यांना वाटले. १८५८ मध्ये आइखहॉर्न या जर्मन शास्त्रज्ञाने झिओलाइट वर्गातील खनिजे घेऊन दाखवले की सौदा उलटवताही येतो. ज्या आयनाचे द्रावण दाट, त्याचे पारडे जड.

झिओलाइट हे नाव स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ साली दिले. तापवले की हे खनिज बुडबुडे काढत उकळल्यासारखे दिसते, म्हणून 'उकळणारा दगड'. आपल्या शिक्षकांनी हे खनिज बहुधा पाहिलेले असते, नाव माहीत नसते एवढेच. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये जिथे वायूचे बुडबुडे होते त्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी, मोत्यासारखे चमकणारे स्फटिक सापडतात. त्यांतले स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट हे झिओलाइटच. महाराष्ट्रातले हे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. अशा खडकातून जाता जाता काही खोल कूपनलिकांचे पाणी निसर्गतःच सुफेन आणि सोडायुक्त होऊन येते. म्हणून कूपनलिकेचे पाणी दुष्फेनच असणार असे न तपासता धरून चालू नये.

१९०५ च्या सुमारास बर्लिनच्या रॉबर्ट गान्स यांनी कृत्रिम झिओलाइट तयार करून त्यावर पाणी सुफेन करण्याची रीत बसवली. पुढे १९३५ मध्ये ॲडम्स आणि होम्स या इंग्रज संशोधकांना ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या चुऱ्यातही हा गुण आढळला आणि त्यातून कृत्रिम रेझिनचा मार्ग खुला झाला. आजच्या यंत्रातले पिवळसर मणी त्या रेझिनचे वंशज आहेत. मण्यांवर सोडियम असते. दुष्फेन पाणी त्यांवरून गेले की कॅल्शियम मण्यांवर बसते आणि सोडियम पाण्यात उतरते. मणी भरले की त्यांवरून मिठाचे दाट पाणी सोडायचे. आइखहॉर्नच्या नियमाने सौदा उलटतो आणि मणी पुन्हा तयार होतात.

म्हणजे क्षार काढला जात नाही, बदलला जातो. याचा हिशेब नववी-दहावीच्या मुलांनाही करता येईल. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात दर लिटरला १०० मिलिग्रॅम दुष्फेनता घालवली की त्याच लिटरात ४६ मिलिग्रॅम सोडियम येते. पाण्याची दुष्फेनता ४०० असेल तर १८४ मिलिग्रॅम. (भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा २०० आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००.) निरोगी माणसाला एवढ्याने काही होत नाही, पण घरात रक्तदाबाचा रोगी असेल तर हा विचार करावाच लागतो. उलट कॅल्शियम व मॅग्नेशियम शरीराला हवेच असतात.

आम्हांला अधिक काळजी वाटते ती सांडपाण्याची. रोज ५०० लिटर असे पाणी सुफेन करायचे तर सर्व मीठ पुरेपूर कामी आले असे धरूनही रोज सुमारे २३४ ग्रॅम, वर्षाला ८५ किलो मीठ लागते. प्रत्यक्षात याहून बरेच जास्त लागते. ते सारे मोरीतून परसात किंवा शेजारच्या उसात जाते.

आणि इथे गोष्ट पुन्हा मातीपाशी येते. खाली कृष्णाकाठी, वाळवा आणि मिरज तालुक्यांत, अतिपाण्याने व निचऱ्याअभावी क्षारपड झालेल्या जमिनी आपण पाहतोच. काळ्या मातीच्या कणांवरचे कॅल्शियम जाऊन सोडियम बसले की कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. तिच्यावर उपाय म्हणून चर खणून निचरा करतात आणि जिप्सम टाकतात: कॅल्शियम परत बसवून सोडियम हुसकावायचे. थॉम्पसन यांच्या नळीतून जे बाहेर आले तेच इथे आत घालायचे. घरातल्या यंत्रात मिठाचे दाट पाणी मण्यांवर जे करते, त्याच्या नेमके उलटे काम शेतकरी पैसे खर्चून शेतात करत असतो.

बाईंना आम्ही सांगितले ते असे. आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. पिण्याला आणि स्वयंपाकाला नळाचे पाणी वापरा. तेही नसेल तर पाणी उकळून, निवळून घ्या, बायकार्बोनेटची दुष्फेनता तेवढ्याने बरीच उतरते. यंत्र घ्यायचेच तर ते फक्त गीझर आणि कपडे धुण्याच्या नळावर बसवा. त्याचे खारे पाणी झाडांना घालू नका.

यंत्र त्यांनी अजून घेतलेले नाही. मात्र वर्गात दोन प्रयोग केले. पहिला क्लार्क यांचा: दोन बाटल्यांत नळाचे आणि कूपनलिकेचे पाणी घेऊन साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजायचे. (साबण खरा हवा, धुण्याच्या पावडरीला दुष्फेन पाण्यातही फेस येतो, आणि मुले बुचकळ्यात पडतात.) दुसरा मातीचा. तळ कापलेल्या दोन उलट्या बाटल्यांच्या तोंडाला फडके बांधून काळी माती भरली. एकीत तीन-चार दिवस मिठाचे पाणी ओतले, दुसरीत काहीच नाही. मग दोन्हींत पावसाचे पाणी ओतत राहिले. मिठाच्या बाटलीतून आधी पाणी बरे गेले, मग गढूळ येऊ लागले, आणि तिसऱ्या दिवशी थेंबही पडेना. वर पाणी तसेच तुंबून राहिले. मुलांनी त्यावर चमचाभर जिप्सम टाकले आहे आणि आता ती वाट पाहत आहेत.