मांजरांतील पिसू-ॲलर्जी

पिसू चावताना त्वचेत जी लाळ सोडते, त्या लाळेतील प्रथिने न सोसल्यामुळे मांजराच्या त्वचेला होणारा दाह व त्यातून सुटणारी तीव्र खाज. मांजरांच्या नेहमी आढळणाऱ्या त्वचारोगांपैकी हा एक आहे. ॲलर्जी नसलेले मांजर अंगावर पुष्कळ पिसवा वागवूनही निवांत झोपते. ॲलर्जी असलेले मांजर मोजक्या चाव्यांनीही रक्त येईपर्यंत अंग ओरबाडते. त्यामुळे पिसवांच्या संख्येवरून आजाराची तीव्रता ठरवता येत नाही. एकदा जडलेली ही ॲलर्जी सहसा जात नाही, मात्र पिसवांचा पुरता बंदोबस्त केला तर खाज थांबते. उपचाराचा सगळा भर म्हणूनच पिसवांवर असावा लागतो. खाजेचे इंजेक्शन देऊन मांजर घरी आणायचे आणि घरातल्या पिसवा तशाच राहू द्यायच्या, हा या रोगातला सर्वांत महागात पडणारा प्रकार होय.

हिंजवडी परिसर : पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या शिवारात राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले आणि भोवती गृहसंकुले वाढली. सदनिकेतले पाळीव मांजर, पार्किंगमधली बेवारस मांजरे, सोसायटीच्या फाटकावरची भटकी कुत्री आणि जुन्या गावठाणातले गोठे हे सगळे इथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. पिसवांना याहून सोयीची रचना क्वचितच मिळेल. त्यात हवामानाची भर पडते. पिसूच्या अळ्यांना साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली गेली किंवा तापमान ३५ अंशांच्या वर टिकले तर त्या वाळून मरतात. एप्रिल-मे महिन्यांतील कोरडे ऊन उघड्यावरच्या अळ्या मारते, जूनपासून मुळशीकडून येणारा पाऊस त्यांना पुन्हा सुगी आणतो. मृगापासून दिवाळीपर्यंतचा काळ सर्वांत जपण्याचा. मात्र बंद घरात सोफ्याखाली, गादीच्या शिवणीत आणि वातानुकूलित खोलीत कडक हिवाळा किंवा कडक उन्हाळा पोहोचतच नाही, म्हणून घरातले मांजर बाराही महिने खाजवू शकते.

पिसू व तिचे जीवनचक्र : मांजरावर प्रामुख्याने टेनोसेफॅलिडीस फेलिस या जातीची पिसू आढळते, तीच कुत्र्यावरही राहते. ती एक ते तीन मिलिमीटर लांबीची, गडद तपकिरी, बिनपंखी आणि दोन्ही बाजूंनी चपटी असते, त्यामुळे केसांतून सहज सरकते. प्रौढ पिसू एकदा मांजरावर चढली की आपण होऊन सहसा उतरत नाही. पहिल्या रक्तपानानंतर दोन दिवसांच्या आत मादी अंडी घालू लागते आणि भर काळात दिवसाला चाळीस-पन्नास अंडी देते. अंडी चिकट नसतात. मांजर जिथे झोपते, उडी मारते, अंग झटकते तिथे ती गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळून फटींत, सतरंजीखाली, पायपुसण्यात शिरतात आणि प्रौढ पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर वाढतात. पुढे अळी रेशमी कोश विणते. कोशाला धूळ व कण चिकटल्याने तो दिसत नाही आणि त्यावर बहुतेक कीटकनाशकेही चालत नाहीत. आतली पिसू तयार झाली तरी यजमानाची चाहूल लागेपर्यंत आठवडेच काय, काही महिनेही थांबू शकते. ऊब, दाब, पावलांचा कंप आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड या खुणा मिळाल्या की ती बाहेर उडी घेते.

भाड्याच्या घरांत याचा अनुभव हमखास येतो. गणपतीला किंवा दिवाळीला गावी गेलेले कुटुंब पंधरवड्याने परतते, दार उघडून आत वावरू लागते आणि घोट्यांवर लाल पुरळ उठते. आधीच्या भाडेकरूचे मांजर निघून गेले असले तरी त्याच्या पिसवांचे कोश फर्निचरसह मागे राहिलेले असतात. एका वेळी घरात असलेल्या एकूण पिसवांपैकी अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा जेमतेम पाच टक्के धरल्या जातात. बाकी सगळ्या अंडी, अळ्या व कोश यांच्या रूपात घरभर पसरलेल्या असतात.

महाराष्ट्राला पिसूची ओळख प्लेगमुळे फार पूर्वी झाली. १८९७ च्या पुण्यातील प्लेगनंतर मुंबईत या रोगावर मोठे संशोधन झाले. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकीन यांची प्लेग प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळला आली. फ्रेंच वैद्य पॉल-लुई सीमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत मांडलेला, पिसवा प्लेग पसरवतात हा सिद्धांत पुढे मुंबईतील प्लेग संशोधन आयोगाने प्रयोगांनी पक्का केला. तो रोग पसरवणारी मुख्य पिसू मात्र उंदरावरची, झेनॉप्सिला चिओपिस नावाची. मांजराच्या पिसवांवरून घरात प्लेगची भीती बाळगण्याचे कारण नाही.

लक्षणे : कुत्र्यात ही ॲलर्जी बहुधा शेपटीच्या बुडाशी दिसते. मांजरात तिची चार रूपे आहेत आणि एकाच मांजरात एकाहून अधिक रूपे असू शकतात. पहिल्या रूपात मान, पाठ व शेपटीचे बूड यांवर बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्यांची पुरळ येते; ती डोळ्यांना दिसण्याआधी केसांतून हात फिरवताना बोटांना लागते. दुसऱ्यात मांजर पोट, मांड्यांची आतली बाजू व कुशी चाटून चाटून केस घालवते, पण खालची कातडी चांगली दिसते. तिसऱ्यात डोके व मान इतकी ओरबाडली जातात की जखमा होतात. चौथ्यात वरच्या ओठावर व्रण, पोटावर ओलसर लाल उंच चट्टे किंवा मांडीच्या मागे लांबट गाठीसारखा पट्टा येतो. या सर्वांत इओसिनोफिल नावाच्या रक्तपेशींचा सहभाग असतो.

केस गळण्याचे दुसरे रूप सर्वाधिक फसवते. मांजर लपून चाटते, माणसे दिवसभर कामावर असतात, आणि ‘उन्हाळ्याने केस गळतात’ किंवा ‘हार्मोनचे काहीतरी आहे’ अशी समजूत होते. केसांची टोके सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेली दिसली तर ते गळलेले नाहीत, चाटून तोडलेले आहेत हे लगेच कळते.

निदान : ‘आमच्या मांजराच्या अंगावर एकही पिसू नाही’ हे वाक्य पशुवैद्यांना रोज ऐकावे लागते, आणि सांगणारा खरेच सांगत असतो. खाजेने हैराण झालेले मांजर जिभेने पिसवा टिपून गिळून टाकते, पुरावाच शिल्लक ठेवत नाही. म्हणून बारीक दातांच्या फणीने मान व शेपटीचे बूड विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा कापसावर ठेवावेत. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. गुदद्वाराजवळ पांढरे, चपटे, हलणारे तुकडे दिसले तर तेही बहुधा पिसू गिळल्याचे लक्षण. डिपायलिडियम कॅनायनम हा चपटा जंत मुख्यतः पिसूमार्फत मांजराच्या पोटात जातो. त्यासाठी प्राझिक्वांटेल द्यावे लागते.

खाजेची इतर कारणे वगळणे आवश्यक असते. मायक्रोस्पोरम कॅनिस बुरशीचा नायटा, नोटोएड्रीस कॅटी किड्याची खरूज, कानातील किडे, उवा व अन्नाची ॲलर्जी यांची लक्षणे सारखीच दिसू शकतात. नायटा माणसांना, विशेषतः मुलांना लागतो, त्यामुळे तो तपासल्याशिवाय केवळ अंदाजाने खाजेचे औषध सुरू करणे चूक आहे. त्वचेत टोचून करायची ॲलर्जी चाचणी मांजरात फारशी भरवशाची नाही. सलग आठ ते बारा आठवडे काटेकोर पिसूनियंत्रण करून खाज उतरते का ते पाहणे, हीच सर्वांत खात्रीची चाचणी.

उपचार : तीन कामे एकाच दिवशी सुरू करावी लागतात. मांजरावरच्या पिसवा मारणे, घरातल्या पिसवा संपवणे व तोवर खाज शमवणे.

पिसवा मारण्यासाठी मानेच्या मागे, जीभ पोहोचणार नाही अशा ठिकाणी, केस बाजूला करून कातडीवर टाकायचे थेंब सर्वांत सोयीचे. फिप्रोनिल, सेलामेक्टिन, इमिडाक्लोप्रिड ही त्यांतील प्रमुख औषधे. फिप्रोनिलसोबत मेथोप्रीन असल्यास अंड्यांचीही वाढ थांबते. आयसोक्साझोलिन गटातील फ्लुरालानर, लोटिलानर, सारोलानर ही नवी औषधे जोरदार आहेत. मात्र आकडीचा इतिहास असलेल्या मांजराला ती देताना काळजी घ्यावी लागते. नायटेनपायरम गोळी अर्ध्या तासात पिसवा मारू लागते, पण तिचा परिणाम एक-दोन दिवसच राहतो. थेंब टाकण्याच्या आधी व नंतर दोन दिवस आंघोळ घालू नये. बहुतेक थेंब आठ आठवड्यांहून लहान पिल्लांसाठी नसतात. अशा पिल्लांना फणीने विंचरावे व पशुवैद्याला लगेच दाखवावे, कारण इवल्या पिल्लाच्या अंगावरच्या पिसवा त्याला रक्तक्षय होऊन मरेपर्यंत शोषू शकतात. पिसू गळपट्टे स्वस्त मिळतात, पण पुष्कळांचा उपयोग बेताचा असतो.

खाजेवर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लवकर लागू पडते. मांजराला प्रेडनिसोन न देता प्रेडनिसोलोनच द्यावे, कारण पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करण्याची त्याच्या शरीराची क्षमता कमी असते. मात्रा पशुवैद्य ठरवतात आणि ती हळूहळू उतरवतात. महिनोन्महिने परिणाम टिकवणारी स्टेरॉइडची इंजेक्शने वारंवार घेतल्यास मधुमेहाचा धोका वाढतो. पिंजऱ्यात घालून दवाखान्यात नेणे कठीण असते म्हणून तीच सोय वाटते, पण ती पहिली निवड असू नये. दीर्घकाळ औषध लागले तर सायक्लोस्पोरिन हा पर्याय आहे. सेटिरिझिनसारख्या अँटिहिस्टामिनचा फायदा मर्यादित. अँटिबायोटिक फक्त जंतुसंसर्ग सिद्ध झाल्यावर. कुत्र्यांसाठीचे लोकिवेटमॅब इंजेक्शन मांजरासाठी नाही.

घातक औषधे : या नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. कुत्र्यांच्या थेंबांत व फवाऱ्यांत असणारे परमेथ्रिन मांजराला विष आहे. मांजराच्या यकृतात ते निष्प्रभ करणारी ग्लुक्युरोनिडेशन प्रक्रिया दुबळी असते. काही तासांत मांजर थरथरू लागते, लाळ गाळते, झटके येतात आणि वेळेवर उपचार न झाल्यास दगावते. नुकतेच औषध लावलेल्या कुत्र्याला चिकटून झोपलेले मांजरही याने आजारी पडू शकते. गोठ्यातील गोचिडांसाठी वापरली जाणारी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन व ॲमिट्राझ ही औषधे हिंजवडीच्या आसपासच्या गावांत घरोघरी असतात. ‘जनावरांचे औषध, मांजरही जनावरच’ या हिशेबाने ती मांजराला कधीही लावू नयेत. फिनाइल, फिनॉलयुक्त जंतुनाशके, टी-ट्री तेल, कापूर हेही मांजरासाठी घातक. कडुनिंबाच्या तेलानेही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. ‘नैसर्गिक’ म्हणून लसूण खाऊ घालू नये, त्याने तांबड्या पेशी फुटतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

चुकून असे औषध लागले तर कोमट पाणी व भांड्यांच्या साबणाने अंग धुवावे, पुसून ऊब द्यावी आणि खोके सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा. खोक्यावरील घटकाचे नाव उपचार ठरवते.

घर : अंथरूण, चादरी व मांजराची गादी साठ अंशांच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी. गोधडी उन्हात घालायची आपली जुनी रीत इथे उपयोगी आहे. व्हॅक्यूम क्लीनरने सोफ्याखाली, कपाटामागे व फटींत रोज झाडून पिशवी बाहेर टाकावी. त्याच्या कंपाने कोशातील पिसवा बाहेर येऊन औषधाच्या तावडीत सापडतात. फवारणी करायची तर पायरिप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीनसारखे वाढ रोखणारे घटक असलेली करावी आणि ती वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत ठेवावे. घरातील प्रत्येक मांजर-कुत्र्याला औषध हवे, खाज एकालाच असली तरी. औषध सुरू केल्यावर पुढचे काही आठवडे नव्या पिसवा दिसतात, कारण जुने कोश उघडत असतात. याच टप्प्यावर लोक औषध ‘काम करत नाही’ म्हणून सोडतात, तेव्हा निदान तीन महिने सातत्य ठेवणे भाग आहे.

पार्किंगमधल्या मांजरांना पिटाळून लावल्याने काही साधत नाही, त्यांच्या जागी दुसरी येतात. त्यांना पकडून नसबंदी, लसीकरण व पिसूचे थेंब देण्याचा खर्च सदनिकाधारकांनी मिळून केल्यास तो घरोघरच्या दवाखान्याच्या बिलांपेक्षा कमी येतो आणि मांजरांचेही भले होते. पिसवांची विष्ठा मांजराच्या नखांतून माणसाच्या जखमेत गेल्यास बार्टोनेला हेन्सेली जीवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. ओरखडा उठला तर साबणाने धुवावा, ताप व लसीकाग्रंथींची सूज आल्यास डॉक्टरांकडे मांजराचा उल्लेख जरूर करावा.

उपचार नीट झाल्यास दोन ते चार आठवड्यांत खाज लक्षणीय घटते. चाटून गेलेले केस परत यायला दोन-तीन महिने लागतात. एकदा निदान झालेल्या मांजराला पिसूचे औषध वर्षभर, पावसाळा संपल्यानंतरही, ठरल्या तारखेला द्यावे लागते.