मराठी माणूस शकांचा वंशज? शीर्षनिर्देशांकाची गोष्ट

१/ १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट होप रिस्ले यांनी हिंदुस्थानातील लोकांचे सात वांशिक प्रकार ठरवले. त्यांपैकी एक ‘सिथो-द्राविड’, म्हणजे शक व द्रविड यांच्या मिश्रणातून झालेला. महाराष्ट्रातील ब्राह्मण, कुणबी आणि दक्षिणेकडील कोडगू यांना त्यांनी या प्रकारात बसवले. या निष्कर्षाचा मुख्य आधार ताम्रपट वा शिलालेख नव्हता. तो होता डोक्याची रुंदी.

२/ डोक्याच्या आकाराची ही परिभाषा स्वीडनमधील शरीररचनाशास्त्रज्ञ आंडर्स रेट्झियस यांनी १८४० च्या दशकात रूढ केली. ‘डॉलिकोसेफॅलिक’ आणि ‘ब्रॅकिसेफॅलिक’ हे शब्द ग्रीक मुळांवरून घडवलेले आहेत. ‘डोलिखोस’ म्हणजे लांब, ‘ब्राखिस’ म्हणजे आखूड आणि ‘केफाली’ म्हणजे डोके. मराठीत त्यांना दीर्घशिरस्क व पृथुशिरस्क म्हणता येईल.

३/ मागचे गणित सोपे आहे. डोक्याच्या कमाल रुंदीला कमाल लांबीने भागून १०० ने गुणले की शीर्षनिर्देशांक मिळतो. लांबी २० सेंमी आणि रुंदी १५.६ सेंमी असेल, तर निर्देशांक ७८. साधारणपणे ७५ पेक्षा कमी म्हणजे दीर्घशिरस्क, ८० पेक्षा अधिक म्हणजे पृथुशिरस्क आणि दरम्यानचे मध्यमशिरस्क.

४/ इथवर हे केवळ वर्णन होते. परंतु एकोणिसाव्या शतकातील अनेक अभ्यासकांनी हा आकार पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहतो असे गृहीत धरले. त्यामुळे गुणोत्तराची वंशावळ झाली आणि कॅलिपर हे इतिहासाचे साधन ठरले.

५/ रिस्ले यांचा तर्क असा होता: पश्चिम पंजाबपासून दख्खनमार्गे कोडगूपर्यंत रुंद डोक्यांचा पट्टा दिसतो. शक मध्य आशियातून आले. पूर्वेकडची वाट इंडो-आर्यांनी अडवल्यामुळे ते दक्षिणेकडे वळले असावेत. म्हणून रुंद डोके ही शकांची खूण!

६/ शक महाराष्ट्रात होते, यात शंका नाही. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या लेण्यांत आहेत आणि गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची नाणी पुन्हा छापली. मात्र राजवट असल्याचा पुरावा म्हणजे संपूर्ण लोकसंख्येच्या उत्पत्तीचा पुरावा नव्हे. रमाप्रसाद चंद यांनी १९१६ मध्ये याच रुंद डोक्यांचा उगम शकांऐवजी पामीरकडील ‘अल्पाइन’ लोकांत शोधला. मोजमाप तेच, पूर्वज मात्र बदलले. दोहोंपैकी खरे कोण, हे सांगण्याची शक्ती त्या आकड्यात नव्हती.

७/ मूळ गृहीतकाला मोठा धक्का अमेरिकेत बसला. फ्रान्झ बोआस यांनी न्यूयॉर्कमधील हजारो स्थलांतरित आणि त्यांची मुले यांची डोकी मोजली. परदेशात जन्मलेल्या व अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या निर्देशांकांत त्यांना फरक आढळला. पूर्व युरोपीय ज्यूंची डोकी किंचित लांब, तर सिसिलीकरांची किंचित रुंद झाली होती. हा फरक कितपत मोठा मानावा, यावर एकविसाव्या शतकातही वाद झाला. तरीही ‘अचल खूण’ ही कल्पना पूर्वीइतकी निःशंक राहिली नाही.

८/ या कथेत एक मराठी विदुषीही आहे. इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली कवटीच्या असमानतेवर संशोधन करत होत्या. पुढे नाझी वंशधोरणाला साथ देणारे हेच ते फिशर. कवटीची असमानता वंशानुसार बदलते, या अपेक्षेला कर्व्यांच्या मोजमापांनी दुजोरा दिला नाही, आणि त्यांनी आपल्या प्रबंधात तसे नोंदवले. मोजणे त्यांनी सोडले नाही, वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील मोजमापे त्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. पण आकड्यांकडून हवे ते उत्तर वदवून घेणे त्यांनी बर्लिनमध्येच नाकारले होते.

९/ हे शब्द आजही जिवंत आहेत. गर्भाच्या सोनोग्राफीत शीर्षनिर्देशांक पाहिला जातो आणि पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना पशुवैद्य ब्रॅकिसेफॅलिक म्हणतात. तेथे ते आकाराचे वर्णन करतात आणि तेवढ्यावरच थांबतात. रिस्ले मात्र थांबले नाहीत. डोक्याची रुंदी किती, याचे उत्तर कॅलिपर देतो. ते डोके कोठून आले, हे त्याला विचारणे हीच चूक होती.