खाणीचा अभ्यास पाण्यापासून

खाणीच्या अभ्यासाकडे विद्यार्थी बहुधा दोन वाटांनी येतात: काही भूशास्त्रातून, काही चळवळीतून. दोघांचेही स्वागत. मात्र दोघांनीही सुरुवातीला खनिज बाजूला ठेवून पाणी समजून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

गोव्याचेच पाहा. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतले लोहखनिज बरेचसे भुसभुशीत, भुकटीसारखे आहे. पावसाचे पाणी वरच्या जांभ्यातून मुरते आणि या भुकटीत साठते. त्यावर विहिरी आणि झरे, झऱ्यांवर कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा). म्हणजे ज्या थरात कंपनीचा माल, त्याच थरात गावाचे पाणी! खाण भूजलपातळीच्या खाली उतरली की खड्ड्यात पाणी भरते, ते सतत उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरी आटतात. डिचोलीतल्या शिरगावने हे सोसले आहे. खाणीवर झाडे लावून डोंगर हिरवा दिसेल, पण पाणी धरणारा थरच जहाजातून गेला असेल तर तो परत येत नाही.

एक टन खनिजामागे साधारण दोन-तीन टन माती-दगड निघतो. लीजचे क्षेत्र लहान, त्यामुळे ढीग उंच. पावसाळा लागला की तांबडी माती ओहोळांतून थेट भातशेतीत. आणि गंमत अशी, की २००० नंतर चीनची मागणी वाढली तेव्हा टाकून दिलेल्या ढिगांनाही गिऱ्हाईक मिळाले. टाकाऊ काय, हे शेवटी बाजारभाव ठरवतो.

कायदा टाळू नका. पोर्तुगीज काळातल्या खाणसवलतींचे १९८७ च्या कायद्याने लीजमध्ये रूपांतर झाले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००७ नंतरचे उत्खनन बेकायदा ठरवले आणि २०१८ मध्ये ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले. हे निकाल मुळातून वाचावेत. वर्तमानपत्री सारांशांवर विसंबू नये.

खनिजाच्या वापराचा अभ्यास अजून दुबळा आहे. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद करताना सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गोव्याचे खनिज मुख्यतः निर्यातीचे, त्यामुळे तो धूर परदेशाच्या खात्यावर पडतो आणि आपल्या अहवालांत दिसतच नाही.

नव्या अभ्यासकाने एक काम लगेच हाती घ्यावे: खाणपट्ट्यातले एखादे गाव निवडून तिथल्या विहिरींची पातळी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, दरवर्षी मोजावी. वाद न्यायालयात पोहोचल्यावर मागच्या वर्षांच्या नोंदी तयार करता येत नाहीत.