ग्रानित जाका : दोन देशांचा वारसा, एका संघाचे नेतृत्व

ग्रानित जाका हा स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा कर्णधार आणि मधल्या फळीतील आधारस्तंभ आहे. कोसोवोतून आलेल्या आल्बेनियन कुटुंबात २७ सप्टेंबर १९९२ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात त्याचा जन्म झाला. एफसी बाझल, जर्मनीतील बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाख, इंग्लंडमधील आर्सेनल आणि पुन्हा जर्मनीतील बायर लेव्हरकुसेन असा प्रवास करून २०२५ मध्ये तो संडरलँड या इंग्लिश क्लबात दाखल झाला. स्वित्झर्लंडकडून सर्वाधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे.

त्याच्या आडनावाचा उच्चार भारतीय प्रेक्षकांच्या कानावर अनेकदा ‘झाका’ असा पडतो. आल्बेनियन उच्चार मात्र ‘जीवन’ या शब्दातील तालव्य ‘ज’ सारखा आहे.

गोलांच्या संख्येवरून ज्यांची थोरवी मोजता येत नाही, अशा खेळाडूंपैकी जाका एक आहे. बचावफळीकडून चेंडू घ्यायचा, डोके वर करून मैदान वाचायचे आणि डाव्या पायाने नेमका पास देऊन संघाला पुढे न्यायचे, हे त्याचे काम. या कामाला संयम लागतो, आणि नेमका तोच त्याच्याकडे नाही, असे त्याच्याविषयी दीर्घकाळ बोलले गेले. तो मनाने कोणत्या देशाचा, हा दुसरा प्रश्नही त्याला सतत विचारला गेला. या दोन प्रश्नांना त्याने खेळातून दिलेली उत्तरे हाच त्याच्या कारकिर्दीचा गाभा आहे.

कुटुंब आणि स्थलांतर

कोसोवो हा तत्कालीन युगोस्लाव्हियातील सर्बिया प्रजासत्ताकाचा आल्बेनियन बहुसंख्या असलेला प्रांत होता. १९७४ च्या राज्यघटनेने त्याला व्यापक स्वायत्तता दिली होती. तथापि १९८१ पासून प्रिश्तिना येथील विद्यार्थ्यांची आंदोलने आणि त्यांवरील दडपशाही सुरू झाली. १९८९ मध्ये ही स्वायत्तता बहुतांशी काढून घेण्यात आली. ग्रानितचे वडील तेव्हा विद्यार्थी होते. सरकारविरोधी निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल १९८६ मध्ये त्यांना अटक झाली, सहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली आणि सुमारे साडेतीन वर्षे तुरुंगात काढल्यावर त्यांची सुटका झाली. त्यानंतर १९९० मध्ये या दांपत्याने स्वित्झर्लंडची वाट धरली.

ही वाट त्यांच्या समाजाला नवी नव्हती. १९६० च्या दशकापासून युगोस्लाव्हियातून हंगामी कामगार स्वित्झर्लंडच्या बांधकामांवर, शेतांवर आणि उपाहारगृहांत राबत होते. १९९० च्या दशकातील युद्धकाळात त्यांची कुटुंबे आणि हजारो निर्वासित तेथे पोहोचले. आज स्विस फुटबॉलमध्ये आल्बेनियन नावे विपुल दिसतात, त्याचे मूळ या स्थलांतरात आहे. वालोन बेहरामी आणि जेरदान शाचिरी हे दोघे कोसोवोत जन्मले आणि बालपणीच स्वित्झर्लंडला आले. जाका बंधूंचा जन्मच बाझलचा.

थोरला भाऊ ताउलांत ग्रानितहून दीड वर्षाने मोठा. आईवडील दोघेही कामावर जात असल्याने घराची किल्ली मुलांपैकी एकाकडे ठेवणे भाग होते; ती धाकट्या ग्रानितकडे सोपवली जाई, कारण ती हरवणार नाही असा त्यांना भरवसा होता. दोघा भावांनी फुटबॉलचे पहिले धडे कॉनकॉर्डिया बाझल या स्थानिक क्लबात गिरवले आणि पुढे ते एफसी बाझलच्या युवा अकादमीत गेले.

बाझलचा उदय

२००९ मध्ये नायजेरियात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात स्वित्झर्लंड प्रथमच उतरला आणि अंतिम सामन्यात यजमान नायजेरियाला १-० असे नमवून थेट विजेता ठरला. जाका त्या संघात होता. विजयी गोल करणारा हारिस सेफेरोविच आणि बचावपटू रिकार्डो रॉड्रिगेज हे त्याचे सहकारी पुढे दशकभर वरिष्ठ संघात त्याच्याबरोबर खेळले. याच स्पर्धेचे २०१७ चे पर्व भारतात भरले आणि त्यातील काही सामने मडगावच्या फातोर्डा मैदानावर झाले, हे गोमंतकीय रसिकांच्या स्मरणात असेल.

एफसी बाझलच्या वरिष्ठ संघाकडून जाका २०१० मध्ये मैदानात उतरला. २०१०-११ आणि २०११-१२ असे सलग दोन हंगाम बाझलने राष्ट्रीय साखळी जिंकली; २०१२ मध्ये स्विस चषकही पटकावला. डिसेंबर २०११ मध्ये याच संघाने मँचेस्टर युनायटेडला २-१ असे हरवून चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीतूनच बाहेर काढले, तेव्हा एकोणीस वर्षांच्या जाकाकडे युरोपातील मोठ्या क्लबांचे लक्ष वळले. त्याआधीच, ४ जून २०११ रोजी, वेम्बली मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या २-२ अशा बरोबरीत त्याने राष्ट्रीय संघात पदार्पण केले होते. तेव्हा ओटमार हिट्झफेल्ड हे स्वित्झर्लंडचे प्रशिक्षक होते.

जर्मनी आणि लाँस

२०१२ मध्ये तो म्योन्शेनग्लाडबाखला गेला. स्विस प्रशिक्षक लुसियाँ फाव्र यांच्या हाताखाली पहिला हंगाम त्याला जड गेला. संघातील जागाही निश्चित नव्हती. परंतु हळूहळू तो मधल्या फळीचा सूत्रधार झाला. २०१४-१५ मध्ये संघाने तिसरे स्थान मिळवून चॅम्पियन्स लीग गाठली. पुढच्या हंगामात वयाच्या तेविसाव्या वर्षी कर्णधारपदाची पट्टी त्याच्या दंडावर आली. याच काळात लाल कार्डांमुळे तापट खेळाडू ही ख्यातीही त्याच्या मागे लागली.

दरम्यान ताउलांतने वेगळी निवड केली होती. स्वित्झर्लंडच्या युवा संघांतून खेळल्यावर वरिष्ठ पातळीवर त्याने आल्बेनियाचे प्रतिनिधित्व स्वीकारले. कोसोवोने २००८ मध्ये स्वातंत्र्य घोषित केले असले, तरी फिफाचे सदस्यत्व त्याला मे २०१६ मध्ये मिळाले. तोवर कोसोवो वंशाच्या खेळाडूपुढे जन्माचा किंवा आश्रयाचा देश आणि आल्बेनिया असेच पर्याय होते. दोघा भावांनी त्यांपैकी एकेक निवडला.

११ जून २०१६ रोजी फ्रान्समधील लाँस येथे युरो स्पर्धेत स्वित्झर्लंड आणि आल्बेनिया समोरासमोर आले. दोन सख्खे भाऊ विरुद्ध संघांतून खेळण्याचा युरो स्पर्धेच्या इतिहासातील हा पहिलाच प्रसंग. त्यांची आई दोन्ही देशांची चिन्हे अर्धी-अर्धी जोडलेला सदरा घालून प्रेक्षागारात बसली होती. फाबियान शेअरच्या गोलावर स्वित्झर्लंडने १-० असा विजय मिळवला. मात्र दोन आठवड्यांनी पोलंडविरुद्धच्या पेनल्टी शूटआऊटमध्ये हुकलेली एकमेव पेनल्टी जाकाचीच होती, आणि स्वित्झर्लंडचे आव्हान तेथेच संपले.

आर्सेनल : पट्टी गेली, खेळाडू राहिला

त्या उन्हाळ्यात आर्सेनलने त्याला सुमारे साडेतीन कोटी पौंडांना करारबद्ध केले. २०१७ आणि २०२० मध्ये एफए चषक जिंकणाऱ्या आर्सेनलचा तो महत्त्वाचा घटक होता. तरीही लंडनमधील पहिली काही वर्षे त्याच्यासाठी कसोटीचीच होती. संघाची घसरण होत असताना प्रेक्षकांचा रोष बहुतेक वेळा त्याच्यावर निघे.

सप्टेंबर २०१९ मध्ये प्रशिक्षक उनाई एमेरी यांनी त्याला कर्णधार नेमले. २७ ऑक्टोबर रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या सामन्यात त्याला उत्तरार्धात बदलण्यात आले. तो संथ पावलांनी बाहेर येऊ लागताच स्वतःच्याच मैदानावर त्याची हुर्यो उडवली गेली. त्याने कानाला हात लावून प्रेक्षकांना डिवचले, पट्टी उतरवून टाकली आणि सदरा काढत तो थेट आत निघून गेला. काही दिवसांनी काढलेल्या निवेदनात त्याने आपली प्रतिक्रिया चुकीची होती हे सूचित केले. त्याचबरोबर समाजमाध्यमांवरून आपल्या पत्नीला आणि नवजात मुलीला उद्देशून आलेल्या धमक्यांचाही उल्लेख केला. ५ नोव्हेंबरला त्याचे कर्णधारपद काढून घेण्यात आले.

जानेवारी २०२० मध्ये तो बर्लिनच्या हेर्टा क्लबाकडे जाणार, हे जवळजवळ ठरले होते. नवे प्रशिक्षक मिकेल आर्तेता यांनी त्याची समजूत घातली आणि तो थांबला. चुका त्यानंतरही झाल्या. डिसेंबर २०२० मध्ये बर्नलीविरुद्ध आणि जानेवारी २०२२ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळाले. परंतु २०२२-२३ मध्ये आर्तेता यांनी त्याची जागा बदलून त्याला डावीकडे अधिक पुढे खेळवले, आणि नव्या भूमिकेत त्याने साखळीत सात गोल केले. आर्सेनल दीर्घकाळ अग्रस्थानी राहून अखेर दुसरा आला. शेवटच्या सामन्यात वुल्व्ह्जविरुद्ध त्याने दोन गोल केले, तेव्हा एके काळी हुर्यो उडवणारे तेच प्रेक्षागार त्याने क्लब सोडू नये म्हणून गात होते. २९७ सामन्यांनंतर त्याने आर्सेनलचा निरोप घेतला.

कालिनिनग्राद ते बुखारेस्ट

२२ जून २०१८ रोजी रशियातील विश्वचषकात कालिनिनग्राद येथे स्वित्झर्लंडची गाठ सर्बियाशी पडली. पाचव्याच मिनिटाला सर्बियाने आघाडी घेतली. उत्तरार्धाच्या आरंभी जाकाने दुरून हाणलेला डाव्या पायाचा फटका थेट जाळ्यात गेला आणि अखेरच्या मिनिटाला शाचिरीने विजयी गोल केला. गोलानंतर दोघांनीही हाताचे पंजे एकमेकांत गुंफून आल्बेनियन ध्वजावरील दुतोंडी गरुडाची खूण केली. ज्याच्या वडिलांनी त्याच संघर्षापायी तुरुंगवास भोगला, त्याच्या दृष्टीने ती घरची आठवण होती; सर्बियन पक्षाला ती राजकीय चिथावणी वाटली. फिफाने दोघांना प्रत्येकी १०,००० स्विस फ्रँकचा, तर तीच खूण करणारा कर्णधार स्टेफान लिश्टश्टायनर याला ५,००० फ्रँकचा दंड केला.

प्रकरण दंडावर मिटले नाही. स्पर्धेनंतर स्विस महासंघाच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याने दुहेरी नागरिकत्वाच्या खेळाडूंविषयीच जाहीर प्रश्न उपस्थित केला आणि त्यावर देशभर वादळ उठले. गोल स्वित्झर्लंडचा असेल तेव्हा खेळाडू आपला, आणि खूण दुसऱ्या ध्वजाची असेल तेव्हा परका, हा व्यवहार अनेक स्विस नागरिकांनाही मान्य नव्हता.

या वादाला मैदानावरचे उत्तर २८ जून २०२१ रोजी मिळाले. युरो स्पर्धेच्या उपउपांत्यपूर्व फेरीत बुखारेस्ट येथे विश्वविजेता फ्रान्स ३-१ असा पुढे होता आणि दहाच मिनिटे उरली होती. सेफेरोविचने एक गोल फेडला. ९० व्या मिनिटाला जाकाने बचाव भेदणारा पास मारिओ गावरानोविचला दिला आणि बरोबरी साधली गेली. पेनल्टी शूटआऊटमध्ये गोलरक्षक यान सोमरने किलियन एम्बापेचा फटका अडवला. १९३८ नंतर प्रथमच स्वित्झर्लंडने मोठ्या स्पर्धेतील बाद फेरीचा सामना जिंकला होता. सामनावीर ठरला कर्णधार जाका. त्याच सामन्यात मिळालेल्या पिवळ्या कार्डामुळे त्याला स्पेनविरुद्धच्या पुढील सामन्याला मुकावे लागले आणि स्वित्झर्लंड पेनल्टींवर पराभूत झाला.

लेव्हरकुसेनचा अपराजित हंगाम

जुलै २०२३ मध्ये तो बायर लेव्हरकुसेनला गेला. साखळीत पाच वेळा उपविजेता ठरलेल्या या क्लबाला जर्मन विजेतेपद कधीच लाभले नव्हते. प्रशिक्षक शाबी अलोन्सो हे स्वतः मधल्या फळीतील थोर खेळाडू. आक्रमणात तरुणांना मोकळीक आणि त्यांच्या मागे वेग कमी-अधिक करणारा अनुभवी हात, अशी त्यांची रचना होती. तो हात जाकाचा होता.

१४ एप्रिल २०२४ रोजी वेर्डर ब्रेमेनला ५-० असे हरवून लेव्हरकुसेनने विजेतेपद निश्चित केले आणि बायर्न म्युनिकची सलग अकरा वर्षांची मक्तेदारी मोडली. त्यातला एक गोल जाकाच्या दुरून मारलेल्या फटक्याचा होता. ३४ सामन्यांत २८ विजय, ६ बरोबरी आणि एकही पराभव नाही, हा पराक्रम जर्मन साखळीत त्यापूर्वी कोणी केला नव्हता. सर्व स्पर्धांतील ५१ सामन्यांची अपराजित मालिका युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात अटालांटाने ३-० असा विजय मिळवून खंडित केली. तीनच दिवसांनी जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात संघ पूर्वार्धाअखेरीस दहा खेळाडूंवर आला, तरी कायझर्सलाउटर्नवर १-० अशी मात केली. तो एकमेव गोल जाकाचा.

पट्टी पुन्हा दंडावर

जुलै २०२५ मध्ये, आठ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये परतलेल्या संडरलँडने त्याला करारबद्ध करून कर्णधार नेमले. इंग्लंडमध्ये जी पट्टी त्याच्याकडून काढून घेतली गेली होती, ती त्याच देशात दुसऱ्या क्लबाने वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्याच्या हाती दिली.

राष्ट्रीय संघात त्याने २०२३ मध्ये हाइन्ट्स हेर्मानचा ११८ सामन्यांचा विक्रम मागे टाकला. २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली गतविजेत्या इटलीला २-० असे हरवून स्वित्झर्लंडने उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे इंग्लंडकडून पेनल्टींवर हार पत्करावी लागली. २०२६ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत स्वित्झर्लंड आणि कोसोवो एकाच गटात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रिश्तिना येथे दोन्ही संघांत १-१ अशी बरोबरी झाली आणि गटातील अग्रस्थानासह स्वित्झर्लंडची पात्रता पक्की झाली. ज्या शहराच्या विद्यार्थी चळवळीने जाका कुटुंबाला देशोधडीला लावले, तेथेच त्या कुटुंबाच्या मुलाचा स्विस संघ पाहुणा म्हणून खेळला.

जाकाने आल्बेनियन मूळ कधी लपवले नाही आणि स्विस संघाची जबाबदारीही कधी टाळली नाही. राग त्याच्या स्वभावातून गेला, असेही म्हणता येत नाही. चेंडू कठीण जागी असताना सहकारी आजही तो त्याच्याकडेच देतात. बाझलच्या घरात किल्ली ज्याच्याकडे राहत असे, त्याच्याविषयीचा तो जुना भरवसा पुढे एकामागून एक संघांनीही ठेवला.