पाचशे रुपयांचे भाग

गिरगावात आम्ही एका शयनगृहाची सदनिका घेतली, तेव्हा सर्व सोपस्कार संपल्यावर आमच्या हाती जो कागद आला त्यावर पाचशे रुपये एवढीच रक्कम होती. प्रत्येकी पन्नास रुपयांचे दहा भाग. आयुष्यभराची बचत आणि पुढल्या वीस वर्षांचे हप्ते ज्या वास्तूपायी बांधले गेले, तिचा त्या भागपत्रात नीटसा उल्लेखही नव्हता. आम्ही अमुक संस्थेचे सभासद आहोत, एवढेच तो कागद सांगत होता. बँकेतल्या अधिकाऱ्याने मात्र करारनाम्याइतकाच जपून तो तिजोरीत ठेवला. मराठीत आपण 'घर घेतले' म्हणतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेत घेतले जाते ते सभासदत्व, आणि त्या सभासदत्वाच्या अंगाने राहण्याचा हक्क. हा भेद केवळ कायद्याचा कीस नव्हे. त्यामागे मुंबईच्या मध्यमवर्गाचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर, गावदेवीत झाली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्या पाडाव्यात, हवेशीर रस्ते काढावेत, म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ग्रामदेवीच्या नावाने ओळखला जाणारा गावदेवीचा परिसर या ट्रस्टने आखून घेतला. त्याच सुमारास उत्तर व दक्षिण कानडा जिल्ह्यांतून चित्रापूर सारस्वत समाजातली तरुण मंडळी कारकुनीसाठी मुंबईत येत होती. घरी कोंकणी, शिक्षण कानडी आणि इंग्रजी, पगार बेताचा, आणि शहरात ओळखीचे कोणी नाही. त्यांच्यातलेच एक श्रीपाद सुब्राव तालमकी. १९०६ साली त्यांनी शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली; पुढे तिचीच बँक झाली. १९०४ च्या कायद्याने केवळ पतसंस्थांनाच मुभा होती. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही सहकारी संस्था नोंदवता येऊ लागल्या आणि १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. आशियातली पहिली असा तिचा लौकिक आहे. (बेंगळूरला १९०९ मध्येच घरबांधणीची सहकारी संस्था निघाली होती, तेव्हा 'पहिली' हा शब्द जरा जपून वापरलेला बरा.)

या संस्थेत घर कोणाच्याही मालकीचे नव्हते, हे आज ध्यानात घेतले पाहिजे. इमारती संस्थेच्या, सभासद संस्थेचे भागधारक, आणि तेच संस्थेचे भाडेकरू. इंग्लंडमधल्या भागीदार-भाडेकरूंच्या संस्थांचा हा नमुना होता. मालक आणि भाडेकरू हे दोघे एकाच माणसात नांदवण्याची ती कल्पना होती. घरभाड्याच्या नफ्यावर जगणारा घरमालक तीत नाहीसा होतो. चाळीच्या मालकाशी ज्याने भांडण केले आहे, त्यालाच तिची गोडी कळेल. शिवाय चाळीत जे गॅलरीच्या टोकाला होते, ते न्हाणीघर आणि शौचकूप इथे दाराच्या आत आले. 'ब्लॉक' हा शब्द आपल्या आई-वडिलांच्या पिढीने ज्या आदराने उच्चारला, त्या आदराचे मूळ या दारात आहे. पु. ल. देशपांडे यांचा जन्म १९१९ मध्ये याच गावदेवीतला. पुढे त्यांनी 'बटाट्याची चाळ' लिहिली, ब्लॉकची कथा लिहिली नाही, याची चर्चा वर्गात अधूनमधून निघते. बंद दारामागे घडते ते विनोदी लेखकाच्या कानावर येत नाही, हे आमचे उत्तर.

पुढचा भाग थोडक्यात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाड्याने देण्यासाठी इमारत बांधणे हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. जुन्या इमारतींत पागडी रुजली, नव्या इमारतींत 'ओनरशिप' आली. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांनी त्या व्यवहाराला चौकट दिली. मात्र एक उलटापालट झाली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. गावदेवीत आधी माणसे एकत्र आली, मग त्यांनी इमारत बांधली. आता बिल्डर आधी इमारत बांधतो, सदनिका विकतो, आणि ज्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही अशा खरेदीदारांची मग संस्था नोंदवली जाते. सहकार शेवटी येतो, पाण्याच्या टाकीसारखा.

जुन्या तऱ्हेने निघालेली एक संस्था मराठीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते: वांद्र्याची साहित्य सहवास. तिथल्या इमारतींना 'झपूर्झा', 'उषःकाल' अशी नावे आहेत. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ, रमेश तेंडुलकर अशी माणसे एका फाटकातून ये-जा करीत. लेखक असणे ही तिथली ओळख. गावदेवीतली ओळख मात्र जन्माने मिळणारी होती.

प्रश्न इथेच सुरू होतो. परक्या शहरात आपल्या माणसांनी एकमेकांना धरून राहावे, यात १९१५ साली गैर काय होते? आम्हांला ते गैर वाटत नाही. पत नसलेल्या माणसाला समाजाच्या ओळखीशिवाय दुसरे तारण नव्हते. पण त्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने परळला कामगारांसाठी चाळी बांधल्या, आणि तिथल्या दोन खोल्यांत डॉ. आंबेडकर कित्येक वर्षे राहिले. १९३० च्या दशकात त्यांनी हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते स्वतंत्र घर म्हणून. दया पवारांचा 'बलुतं'मधला कावाखाना गावदेवीपासून फार लांब नाही. 'आपली माणसे' हा शब्द कुठल्या दारात उभे राहून ऐकावा, यावर त्याचा अर्थ ठरतो.

कायद्याची भूमिकाही एकसुरी नाही. १९६० च्या अधिनियमात खुल्या सभासदत्वाचे तत्त्व आहे. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही, आणि तीन महिन्यांत निर्णय झाला नाही तर अर्जदार सभासद मानला जातो. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्यात कोणाला घ्यायचे हे ठरवणेही येते, असा त्यातला युक्तिवाद. युक्तिवाद म्हणून तो पोकळ नाही. तरीही निवाऱ्याची संस्था आणि भजनी मंडळ यांना एकाच मापाने मोजावे, हे आम्हांला पटत नाही.

यात आमचा स्वार्थ आहे, हे आधीच सांगायला हवे होते. गिरगावात घर मिळण्यापूर्वी एका जुन्या संस्थेत आम्ही गेलो होतो. उंच छत, लाकडी जिना, जेमतेम चारशे चौरस फूट, आणि आमच्या ऐपतीत बसेल अशी किंमत. सेक्रेटरींनी चहा दिला. आडनाव विचारले, मग मूळ गाव, मग घरात काय शिजते ते. "सर, तुम्ही सुशिक्षित आहात, तुम्हांला समजेल," एवढेच ते म्हणाले. नकार कोणी दिलाच नाही. दलालाने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले की मालकाचा विचार बदलला. उपविधी, कलम, मुदत यांतले काहीच लागू पडू नये अशी ही जागा आहे. अर्जच झाला नाही, तर तो फेटाळला कुठे?

आणि आता आमच्या संस्थेविषयी. दुसऱ्याच वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव आला: सदनिका भाड्याने देताना भाडेकरू 'संस्थेच्या वातावरणाला साजेसे' असावेत. वातावरण म्हणजे काय, हे कोणी विचारले नाही. नवे सभासद म्हणून आम्हीही विचारले नाही. त्याच महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या गळतीचा अर्ज कमिटीपुढे होता. इतिवृत्तात 'सर्वानुमते संमत' अशी नोंद झाली. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करायची वेळ आली, तेव्हा आम्ही उठून आमचा विरोध नोंदवा म्हणालो. चेअरमन समजुतीने म्हणाले, "तेव्हा बोलला नाहीत ना, प्रोफेसर?" खरे होते. आम्ही पत्र लिहून दिले; ते फायलीत आहे, पोच आमच्याकडे आहे, आणि भागपत्राच्या लिफाफ्यातच ठेवली आहे. गळती मात्र त्या पावसाळ्याआधीच दुरुस्त झाली होती.